उठा, पाणी सुटलंय!

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पहाटे विद्यापीठाच्या गेटातून आत शिरलं, की छत्रपती संभाजीनगरच्या तब्येतीबद्दल आपलं मत एकदम चांगलं होतं. गाडी लावायला जागा नसते. बुटांना अजून पैठणगेटच्या दुकानाचा वास असतो. स्वेटरवर जॅकेट, जॅकेटवर मफलर आणि या सगळ्यावर कानटोपी अशा बंदोबस्तात माणसं लेण्यांच्या डोंगराकडे तोंड करून निघालेली असतात. ओळखीचं कुणी दिसलं की "अरे, तुम्हीपण?" असं दोघंही विचारतात आणि दोघंही जरासे लाजतात. मग १४ जानेवारीला नामविस्तार दिनाची गर्दी गेटवर उसळते. ती ओसरते तेव्हा नव्या वर्षाचे नवे फिरणारेही तिच्यासोबत ओसरलेले असतात. १५ तारखेला गाडी अगदी कमानीला खेटून लावता येते.

उरतात ते मुरलेले. बहुतेक निवृत्त. कुणी बँकेतून, कुणी जिल्हा परिषदेतून, कुणी शाळेतून. यांच्याशी बोलताना वेळ जपून सांगावी. "मी साडेपाचला येतो," असं तुम्ही म्हणालात की ते आपल्याकडे दयेनं बघतात. "साडेपाचला काय राहतं हो? पाचला या, मग बघा." या पाचवाल्यांना गोगाबाबा टेकडीच्या पायथ्याशी साडेचारवाले भेटतात, आणि ते टेकडी उतरून आलेले असतात. या चढाओढीत एका सरांनी मला सांगितलं, की ते तीनलाच उठतात. तीनला उठून काय करता, असं विचारलं तर म्हणाले, "पाच वाजायची वाट बघतो."

पहाटे उठणाऱ्याला उठायला जेवढे कष्ट पडतात, त्याहून जास्त कष्ट ते लोकांना कळवायला पडतात. पूर्वी त्यासाठी दिवसभर गावात हिंडावं लागे. आता व्हॉट्सॲप आहे. उगवत्या सूर्याचं चित्र, खाली एखादा सुविचार, त्याखाली हात जोडलेले. चित्र कुणी बघत नाही. बघायची असते ती पाठवण्याची वेळ. आमच्या कॉलनीच्या गटात एक काका रोज साडेचारच्या ठोक्याला सूर्य उगवतात आणि मोबाइल उशाशी ठेवून पुन्हा झोपतात. ही बातमी काकूंकडून आमच्या घरी आलेली आहे, तेव्हा तिच्या खरेपणाबद्दल शंका नको.

या सगळ्यामागे पुस्तकं आहेत. औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानात दहावी-बारावीच्या गाइडांनंतर सगळ्यात उंच थप्पी दिसते ती माणसाला सुधारणाऱ्या पुस्तकांची. त्यातलं रॉबिन शर्मांचं 'द फाइव्ह एएम क्लब' हे २०१८ सालचं. पहाटे पाचला उठा, पहिली वीस मिनिटं घाम गाळा, दुसरी वीस मिनिटं चिंतन करा, तिसरी वीस मिनिटं काहीतरी शिका, असा त्याचा सारांश. विचार चांगला आहे. फक्त लेखक कॅनडाचे. तिथे पाणी कितव्या दिवशी येतं याची त्यांना चौकशी करावी लागत नसणार.

पण या उपदेशकांचे खरे आजोबा म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. शाळेच्या भिंतीवर रंगवलेली ती लवकर निजण्या-उठण्याची म्हण आपण त्यांच्याच खात्यावर टाकतो. याच फ्रँकलिनसाहेबांनी १७८४ साली पॅरिसच्या एका वृत्तपत्राला पत्र लिहिलं. एकदा गोंगाटानं सकाळी सहालाच जाग आली आणि पाहतो तर काय, खोलीभर उजेड! सूर्य उगवल्या उगवल्या उजेड देतो, असा मोठाच शोध त्यांना त्या दिवशी लागला. मग दुपारपर्यंत लोळणाऱ्या पॅरिसकरांनी पहाटे उठायचं ठरवलं तर मेणबत्त्यांचे किती पैसे वाचतील याचा त्यांनी कोटींच्या घरातला हिशेब मांडला. उपायही सुचवले. खिडक्यांना झडपा लावणाऱ्यांवर कर बसवा. घरटी मेणबत्त्या मोजून द्या. सूर्य उगवताच चर्चच्या घंटा वाजवा, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर गल्लोगल्ली तोफा डागा. पत्र अर्थातच थट्टेचं होतं, पण उपदेश करणाऱ्याला शेवटी तोफेपर्यंत यावं लागतं, हे त्यांना बरोबर कळलं होतं. आमच्याकडे तोफेचीही सोय आहे. दौलताबादच्या किल्ल्यावर मेंढा तोफ अजून आहे. पण तिच्यानंही सिडकोतला एकेक ब्लॉक उठेल असं वाटत नाही.

झोपणाऱ्यांची बाजूही काही लंगडी नाही. मी तिचा बराच अभ्यास केला आहे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची, म्हणजे मिर्झापूरकडची. आपलं शहर साधारण ७५.३ अंशावर. अंशाला चार मिनिटं धरली तर आपला सूर्य घड्याळाच्या जवळजवळ २९ मिनिटं मागे चालतो. म्हणजे भिंतीवर पाच वाजतात तेव्हा मकबऱ्याच्या मिनारांवर खरे साडेचारच झालेले असतात. जानेवारीत तर सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. ज्या गोष्टीला खुद्द सूर्य तयार नाही ती माणसानं का करावी? हा मुद्दा मी घरी सविस्तर मांडला. बायकोनं भाजी निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग जेवायला तेवढं मिर्झापूरच्या वेळेवर कसं बसता हो?"

शास्त्रही आपल्या बाजूनं आहे. २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल हॉल, रोसबॅश आणि यंग या तिघा अमेरिकनांना मिळालं, ते शरीरातल्या घड्याळाची यंत्रणा उलगडल्याबद्दल. हे काम त्यांनी केलं फळमाशीवर. पिकलेल्या केळ्याभोवती घोंगावते तीच ही माशी. तिच्या पेशींमध्ये एक प्रथिन रात्री साठतं, दिवसा विरतं, आणि त्या चक्रावर तिचं जागणं-झोपणं चालतं. माणसाच्या अंगातही असंच घड्याळ आहे, आणि प्रत्येकाचं थोडं वेगळ्या वेळी लावलेलं आहे. माशीला कुणी पुस्तक वाचायला देत नाही, एवढाच काय तो फरक.

परंपरेचं म्हणाल तर इथे जरा पंचाईत आहे. समर्थ रामदास आपल्या मराठवाड्यातलेच, जांबचे. पहाटे उठण्याबद्दल दासबोधात त्यांनी स्पष्ट बजावलेलं आहे आणि समर्थांचं म्हणणं खोडून काढायची कुणाची छाती नाही. पण याच मुलखात नाथही होऊन गेले. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे हिशेब लिहिताना एका पैचा मेळ बसेना, म्हणून एकनाथ दिव्यापाशी रात्रभर बसले आणि चूक सापडल्यावर आनंदानं टाळी वाजवली, ही कथा पैठणच्या पोराटोरांना पाठ असते. त्या टाळीनं जनार्दनस्वामींची झोप मोडली, हा भाग कीर्तनकार जरा भरभर सांगतात. तात्पर्य, रात्र जागवून काम करण्यालाही आमच्याकडे संतांचा आधार आहे. मार्चअखेरीला जालना रोडवरच्या बँकांमधले दिवे पाहिले की नाथांची परंपरा कुठे टिकली आहे ते दिसतं. फक्त टाळी ऐकू येत नाही.

एवढं सगळं झोपेच्या बाजूनं असूनही हे शहर पहाटे उठतं. पुस्तकानं नाही, तोफेनं नाही, समर्थांच्या धाकानंही नाही. नळानं उठतं.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडा खुलासा. आमचं पाणी पैठणहून येतं. तिथे जायकवाडीचं धरण आहे, लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये पायाभरणी केलेलं आणि इंदिरा गांधींनी १९७६ मध्ये लोकार्पण केलेलं. मागचा नाथसागर १०२ टीएमसीचा. त्याच्या काठी उभं राहिलं तर पलीकडचा किनारा दिसत नाही. इथपासून तो पन्नास किलोमीटरवर. एवढा समुद्र हाताशी असून नळाला पाणी येतं ते कधी पाचव्या दिवशी, कधी आठव्या, आणि मध्ये जलवाहिनी फुटली तर पेपरात 'शहरात निर्जळी' असा मथळा येतो, तो आता छापखान्यात तयारच ठेवलेला असावा. याच शहरात सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरनं नहर बांधली. डोंगरातलं पाणी नुसत्या उतारानं, मोटारीशिवाय, जमिनीखालून गावात आणलं. पाणचक्की त्याच तंत्रावर फिरली. त्या काळात लोक चांगले उशिरापर्यंत झोपत असणार, असा माझा अंदाज आहे.

आता नळाची वेळ. ती ठरलेली असते, आणि ठरलेल्या वेळी पाणी येत नाही. पण एकंदरीत नळाला पहाट फार प्रिय. कुणी म्हणतं तीन, कुणी म्हणतं साडेचार. लाइनमनचा मोबाइल नंबर ज्याच्याकडे असतो त्या माणसाला आमच्या गल्लीत नगरसेवकापेक्षा जास्त मान आहे. पण लाइनमनपेक्षाही खात्रीचा इशारा म्हणजे समोरच्या काकू. त्या आदल्या रात्रीच तोटी उघडी ठेवून खाली बादली लावतात. पाण्याआधी पाइपातून हवा येते. आधी बारीक शीळ, मग खर्र, मग फुस्स, मग पुन्हा शांत. या शांततेत काकूंना जाग येते. सत्तरी उलटली आहे, दारावरची बेल ऐकू येत नाही, पण तोटीतली हवा ऐकू येते. पहिला लालसर लोट बादलीत पडला की त्या अंगणात येऊन गल्लीला हाक देतात, "उठा ग बायांनो, पाणी सुटलंय!"

आणि मग जे होतं ते कुठल्याही शिबिरात होत नाही. अलार्म पाच वेळा गप्प करून कुशीवर वळणारा माणूस पहिल्या हाकेत उभा राहतो. नळाला स्नूझ नसतं. गल्लीभर दिवे लागतात. कुणी लुंगीवर, कुणी नातवाच्या बर्म्युड्यात, कुणी एका पायात स्वतःची आणि एका पायात बायकोची चप्पल घालून. हिरवा पाइप खिडकीतून ओढून घेतला जातो. त्याच्या जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली असते, ती नेमकी याच वेळी सुटते. पहिलं गढूळ पाणी ओसरीवर सोडून देतात, म्हणजे सडा आपोआप होतो. मग धार एकदम बारीक होते. सगळे एकमेकांच्या घराकडे बघतात. "कुणी मोटार लावली का?" असा प्रश्न अंधारात विचारला जातो. उत्तर कुणी देत नाही, पण दोन घरं पलीकडे घुर्रर्र असा एक आवाज अचानक बंद होतो आणि धार पुन्हा जाड होते.

शर्मांचे वीस-वीस-वीस इथे अक्षरशः पाळले जातात. पहिली वीस मिनिटं हौद, पुढची वीस वरची टाकी, शेवटची वीस ड्रम, हंडे, कळश्या, बादल्या आणि शेवटी पातेली. घाम पहिल्या वीसातच गळतो. चिंतन टाकी भरताना होतं, कारण तेव्हा पाइप धरून नुसतं उभं राहावं लागतं. मेव्हणा पुण्याला फ्लॅट घे म्हणत होता तेव्हा आपण का घेतला नाही, शेजाऱ्यांच्या हौदाची खोली नक्की किती असेल, असं बरंच खोलवरचं मनात येतं. आणि शिकणं म्हणाल तर काकू जाता जाता सांगून जातात, की पुढचं पाणी आता आठ दिवसांनी. सहाच्या सुमाराला गल्ली मागच्या पाण्यानंतर पहिल्यांदाच शांत, स्वच्छ आणि कृतकृत्य दिसते. चहा होतो. कुणीतरी म्हणतं, "आता उठलोच आहोत तर विद्यापीठात चक्कर मारून येऊ या का?" सगळे हसतात आणि झोपायला जातात.

नळाच्या खालोखाल नंबर कंपनीच्या बसचा. चिकलठाण्याची एमआयडीसी होतीच, वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, त्यामागे छोट्या-मोठ्या कंपन्या आल्या, पुढे शेंद्रा झालं, आणि या शहराच्या पहाटेचा ताबा फर्स्ट शिफ्टनं घेतला. शिफ्ट सातची. म्हणजे बस मुकुंदवाडीला किंवा टीव्ही सेंटरला सहाच्या आसपास. म्हणजे हा माणूस घराबाहेर पावणेसहाला. म्हणजे डबा साडेपाचला भरलेला पाहिजे. म्हणजे कणीक पाचला मळलेली पाहिजे. हा 'म्हणजे' असा मागे मागे सरकत जातो आणि साडेचारला येऊन एका बाईपाशी थांबतो. तिनं रॉबिन शर्मांचं नाव ऐकलेलं नाही. चिंतनाला वीस मिनिटं काढा म्हटलं तर ती विचारेल, की तेवढ्या वेळात तव्यावर कोण बघणार? नवऱ्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. फर्स्ट झाली की सेकंड, सेकंड झाली की नाइट. तिची बदलत नाही, कारण नवरा रात्रपाळीला असला तरी पोरगी सहाच्या क्लासला जाते आणि पोराची व्हॅन पावणेसातला हॉर्न वाजवते. या शहरातला खरा फाइव्ह एएम क्लब हाच. त्याची वर्गणी नाही, त्याचं पुस्तक नाही, आणि सभासदांपैकी कुणी पहाटे सूर्याचं चित्र पाठवत नाही. हातांना पीठ लागलेलं असतं.

जाधववाडीच्या मार्केटला पहाटे जाऊन पाहा. आपण कूस बदलतो तेव्हा तिथे मेथीच्या जुड्यांची हर्राशी चाललेली असते. फुलंब्रीकडचा शेतकरी ती जुडी घेऊन मध्यरात्रीच निघालेला असतो, आणि भाव पडला की परतीच्या टेम्पोत बसल्या बसल्या झोपतो. त्याच्या दिनचर्येबद्दल मी जास्त लिहीत नाही. ती विनोदी लेखात बसत नाही.

पोलीस भरतीची पोरं मात्र बसतात. विद्यापीठाच्या रस्त्यावर आणि गारखेड्याच्या क्रीडा संकुलात ती अंधारातच हजर असतात. कन्नड, सिल्लोड, वैजापूरकडची, एका खोलीत चौघं राहणारी. सोळाशे मीटरची धाव सेकंदांवर तोलायची असते. एकजण मोबाइल हातात धरून आकडे ओरडतो, बाकीचे जीव खाऊन पळतात. अशा वेळी रस्ताभर पसरून साखर, गुडघे आणि सुनांवर चर्चा करत चाललेल्या आमच्या ज्येष्ठांमागून आवाज येतो, "काका, साइड!" काका बाजूला होतात आणि म्हणतात, "आमच्या वेळी आम्हीपण असंच पळायचो." ते विक्रीकर खात्यातून निवृत्त झालेले असतात.

श्रावणात तर या शहराचा आणखी एक गुण दिसतो. वर्षभर ज्यांना आठच्या आत दात घासवत नाहीत, ती तरुण मंडळी श्रावणातल्या शुक्रवारी रात्री भद्रा मारुतीच्या दर्शनाला पायी निघतात. खुलताबाद पंचवीसेक किलोमीटर. शरणापूर, दौलताबाद, मग घाट. पाऊस असो नसो, रात्रभर रस्ता वाहत असतो, जागोजागी चहा आणि साबुदाण्याची खिचडी. शनिवारी पहाटे दर्शन झालं की फोटो आणि परत येताना जीपमध्ये एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून गाढ झोप. पहाटे उठायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे झोपायचंच नाही, हे या पोरांनी ओळखलं आहे. नाथांचाच मार्ग.

मध्यंतरी रेल्वेनंही आम्हाला सुधारायचा प्रयत्न केला. ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली. मुंबईचं काम असलं की पहाटेच स्टेशन गाठावं लागे. लोक कुरकुरले, पण उठले, आणि तेही नोकरीतल्या बढतीपेक्षा जास्त अभिमानानं सांगू लागले. २०२५ मध्ये गाडी नांदेडपर्यंत वाढली आणि पहाटे उठायचा ठेका नांदेडकरांकडे गेला. आमच्या कॉलनीतल्या एका नियमित प्रवाशानं ही बातमी वाचून पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाला, "मराठवाड्याचा विकास व्हायलाच पाहिजे."

तेव्हा माझं मत विचाराल तर पहाटे उठायला निश्चय, डायरी, लिंबू-मध आणि महागडं घड्याळ यांतलं काही लागत नाही. आपल्यावाचून निघून जाईल असं काहीतरी लागतं. नळ जातो, बस जाते, भरतीचं वय जातं, मेथीचा भाव जातो. मॉर्निंग वॉक जात नाही. तो उद्याही तिथेच असतो, म्हणून आपण आज झोपतो.

तरीही कुणाला खरोखरच सवय लावून घ्यायची असेल तर पुस्तकाचे पैसे वाया घालवू नका. आमच्या गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या आहेत. भाडं माफक, उजेड भरपूर, समोरच काकू राहतात. हौद आहे, टाकी नाही, जिना बाहेरून आहे आणि बादल्या हातानंच वर न्याव्या लागतात. येताना तेवढा पन्नास फूट हिरवा पाइप आणा, आणि तो कोण धरणार हे नवरा-बायकोनं आधीच ठरवून या.